खिशातला प्रश्न

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे, देवाशपथ. मी स्वतः तिथं होतो… म्हणजे नव्हतो. जो होता त्यानं मला सांगितली, आणि तोही त्या दिवशी लग्नाला गेला होता. पण खरी आहे.

“बुवा, आज तरी अनुग्रह देणार की नाही?”

मेघश्यामनं विचारलं ते हातसुद्धा न जोडता. संगणकाच्या कंपनीत मोठा साहेब होता तो. नोकरी सोडून टेकडीवरच्या मठात आला, दिसेल त्याला शिकवत सुटला, आणि तीन वर्षं घोंगडेबुवांच्या मागं हा एकच धोशा लावून बसला. आज घाई होती. ऊन माथ्यावर आलं की बुवा वर्षभराचं मौन धरणार होते.

“आधी माझं पद त्या संगणकात घाल,” बुवा म्हणाले. “खाली लोक ऐकायला जमलेत.”

पद सकाळीच मेघश्यामनं आपल्या फोनवर रेकॉर्ड केलं होतं. तार लावावी, तर फोनच्या भोकात धुनीची राख गच्च बसलेली.

“तारेचं काय घेऊन बसलात, बुवा? ब्लूटूथ! डोळे मिटून करतो!”

फोन खिशात टाकून तो संगणकापुढं बसला. शोध लावला. पडद्यावर फोनचं नाव झळकलं.

“सापडला!”

ठसक्यात बटण दाबलं. सहा आकडे आले. चक्र गरगरायला लागलं…

‘जोडणी झाली नाही.’

परत दाबलं. परत तेच.

“हा डबा मठाइतकाच जुना!” मेघश्याम करवादला.

“तुझ्या साहेबपणाला जुमानत नाही वाटतं.”

त्यानं संगणक बंद केला, चालू केला. दारातली सावली आखडत चालली. झब्बा घामानं अंगाला चिकटला.

“मघापासून मी एकटाच हो हो करतोय! समोरच्यानं नको का हो म्हणायला?”

“समोरचा कोण?”

“हा!” त्यानं संगणकाला धपाटा घातला आणि पुन्हा बटण दाबलं.

बुवा उठले. काठीचं टोक त्याच्या खिशावर टेकवलं.

…खिसा थरथरत होता.

मेघश्यामनं फोन बाहेर काढला. त्यावर तेच सहा आकडे. खाली एक प्रश्न: ‘जोडायचं का?’

संगणक बिचारा विचारून विचारून थकला होता.

मेघश्यामनं अंगठा टेकवला.

“जोडला! बुवा, जोडला!”

पद सरकायला लागलं. निम्मं… पाऊण… पूर्ण! संगणकाला लावलेला कर्णा घुमला, बुवांचा आवाज टेकडी उतरत गेला, खालून लोकांनी एकच गजर केला. आणि मोठा साहेब अंगणात शेंबड्या पोरासारखा नाचला.

नाचता नाचता थबकला. सावली पायाखाली आली होती.

“बुवा… अनुग्रह! एकदा हो म्हणा ना!”

बुवा खदखदून हसले.

“तू पहिली पायरी चढलास ना, त्याच दिवशी म्हटलंय रे.”

आणि घोंगडं डोक्यावरून ओढून ते मौनात गेले.

यात माझ्या पदरचं एवढंच, की बुवा हसले. ते हसले नव्हते.