पटाशीची लांबी

विषय: सुतारशाळेतील एक पटाशी वापरण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ: शाळेच्या मास्तरांचा अर्ज, ओला.

फार पूर्वी एका राजाने नदीकाठी सुतारशाळा काढली. उत्तम हत्यारे आणली आणि दर दसऱ्याला ती तपासायला एक कारकून नेमला. कारकून हत्यारांची नुसती संख्या नव्हे, लांबीही मोजत असे. पहिल्या मास्तरांच्या पटाश्या वर्षभरात बोटभर आखूड भरल्या. धार लावली की पटाशी झिजायचीच, असे ते परोपरीने सांगत राहिले. सरकारी लोखंड खाल्ल्याच्या आरोपावरून ते तुरुंगात गेले आणि तिथेच वारले.

दुसरे मास्तर हे सगळे पाहून आले होते. एके काळी त्यांच्या हातचा सांधा पाण्यातही सुटत नसे. त्यांनी हत्यारांना तेल लावून ती कोठीत बंद केली आणि शिष्यांना रिकाम्या हातांनी शिकवले. शिष्य हवेत सुरेख रंधा मारू लागले. दसऱ्याला लांबी पुरी भरे, मास्तरांना शाल मिळे.

एका वर्षी नदीला पूर आला. मास्तर हत्यारे वरच्या फळीवर ठेवायला कोठीत शिरले. पाणी आत येऊ नये म्हणून त्यांनी दार ओढून घेतले, ते भिजून फुगले आणि चौकटीत रुतून बसले. शिष्य बाहेरून धक्के मारून थकले. मग थोरला शिष्य खिडकीच्या गजांपाशी आला.

"मास्तर, पटाशी घ्या. कड तासली की दार सुटेल."

"दारात खिळे आहेत. धारेला खांडा पडला तर?"

"मग इकडे द्या, आम्ही तासतो."

"तुम्ही?" मास्तर खिन्न हसले. "तुम्हाला मी शिकवलंय."

पाणी कमरेला लागले. मास्तरांनी पटाशी उचलली. बोटांना जुनी ओळख पटली. त्यांनी ती दाराला टेकवलीही, पण तुरुंगातले मास्तर आठवले. त्यांनी पटाशी पुसून जागेवर ठेवली आणि अर्ज लिहून गजांतून बाहेर दिला.

थोरला शिष्य पोहत कचेरीत पोचला. कारकुनाने अर्ज शांतपणे वाचला.

"कोणती पटाशी, ते लिहिलेलं नाही. विचारून या."

शिष्य परतला तेव्हा विचारायला कोणी उरले नव्हते.

पूर ओसरला, दार वाळून आपोआप उघडले. वरच्या फळीवर हत्यारे कोरडी होती. दसऱ्याला लांबी पुरी भरली. शाल घेणारा नसल्याने ती कोठारात जमा झाली.

अर्ज खुलाशाअभावी प्रलंबित आहे.

तात्पर्य: झिजू न देता राखलेले हत्यार कोणाच्याच कामी येत नाही, राखणाऱ्याच्याही नाही.