गोजराची सावली

एक होता राजा. होता म्हणजे, लांब होता. डोंगराच्या पायथ्याच्या गावांना त्याची फक्त दवंडी ऐकू यायची. एकदा दवंडी आली, की राज्यातल्या प्रत्येक पोटुशी बाईला पांढऱ्या तांदळाचं एक पोतं मिळेल. पोती आली. राजाला वाटलं, झालं आपलं काम. त्या पोत्यातलं कोणाच्या ताटात काय पडतं, हे बघायला तो कशाला येतोय?

त्यातल्या एका गावात गोजरा नावाची सून होती. तिला सातवा लागला होता. घरात आधी पुरुष जेवायचे, मग पोरं, मग सासू हौसाबाई, आणि सगळ्यांत शेवटी गोजरा. तोवर आमटीचं पातेलं खरवडलेलं, भाजीची कढई पुसलेली. भात तेवढा असायचा. मग गोजरा भात आणि मीठ खायची.

शिवाय सासूचे नियम. अंडं उष्ण पडतं. पालेभाजी बाधते. मासळीचं तर नावच नको. भातही बेतानं खा, बाळ मोठं झालं तर बाळंतपणात अडतं. सासू दुष्ट नव्हती हो. तिची थोरली बहीण बाळंतपणातच गेली होती. त्या भीतीनं ती सुनेच्या ताटावर डोळा ठेवून असायची.

मग एकदा काय झालं, गोजरा दुपारी अंगणात वाल वाळत घालत होती. तिनं खाली पाहिलं, तर स्वतःची सावली फिकी. तिला वाटलं, ढग आला असेल. वर पाहिलं, तर ढग नव्हता. दुसऱ्या दिवशी सावलीतून खालचे खडे दिसायला लागले. पोटाच्या जागी तर नुसतं ऊन. गोजरानं पोटावर हात ठेवला. बाळ हललं, पण अगदी हळू, थकल्यासारखं. तिनं कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

तिसऱ्या दिवशी सावली उठली आणि चालायला लागली.

सासूनं ते ओसरीवरून पाहिलं. तिच्या हातातलं सूप गळून पडलं.

"माझ्या अक्काची पण अशीच गेली होती," ती म्हणाली. "दिवस मावळेपर्यंत परत आली नाही तर..."

मग दोघी सावलीमागे निघाल्या. सावली शेवग्याखाली जाऊन बसली. गोजरानं हाका मारल्या, विनवण्या केल्या. सावली ढिम्म. मग सासूनं शेवग्याचा पाला ओरबाडून पदरात घेतला, तशी ती उठली. आता जाऊन बसली कोंबड्यांच्या खुराड्यापाशी. सासूचा हात जरा अडखळला, बरं का. पण तिनं अंडी काढून घेतली. सावली पुन्हा चालू लागली. ऊन कलत होतं. गोजराच्या पोटात आता काहीच हलत नव्हतं.

चालता चालता तिनं विचारलं, "आत्याबाई, अक्कांचं बाळ फार मोठं होतं का हो?"

सासू थांबली. इतक्या वर्षांत हे तिला कोणी विचारलंच नव्हतं.

"नाही गं," ती म्हणाली. "माझ्या ओंजळीत मावलं होतं."

मग सासू भराभर चालायला लागली.

सावली घरात शिरली, थेट चुलीपुढे गेली आणि सासऱ्यांच्या पाटावर बसली. पहिल्या पाटावर. काही केल्या उठेना. मग सासूनं पाला परतला, अंडी उकडली, वालाची आमटी केली. गोजराला त्याच पाटावर बसवलं आणि प्रत्येक भांड्यातलं पहिलं तिला वाढलं. सासरे हातपाय धुऊन दारात उभे होते.

"मग आम्ही कधी जेवायचं?"

"उरेल तेव्हा," सासू म्हणाली.

सगळ्यांदेखत जेवायची गोजराला सवय कुठली? तरी ती जेवली. दारातून शेवटचं ऊन आत आलं होतं. त्यात आधी सावलीचे पाय गडद झाले, मग हात. पोट मात्र फिकंच. गोजरानं आमटीची वाटी तोंडाला लावली, संपवली. आणि आतून अशी लाथ बसली की मांडीवरचं ताट हललं.

पुढे रोज गोजराचंच ताट आधी वाढलं. मासळीही आली. दिवस भरले, गोजरा सुखरूप सुटली, चांगली गुटगुटीत मुलगी झाली. ती इतकी मोठ्यानं रडली की लांबच्या राजालाही ऐकू गेलं म्हणे. त्यानं पुढे काय केलं, ते कोणी सांगत नाही. गोजराचं घर मात्र सुखात राहिलं.

चला, मिटा डोळे. आणि आपल्या काकूलाही सातवा लागलाय, तिच्या उशाशी शेंगदाणे-गुळाची वाटी ठेवलीय, त्या वाटीला कोणी हात लावायचा नाही.