शिल्पशाळेची किल्ली

फार मागे, राजे स्वतः घोड्यावरून वेशीपर्यंत येऊन प्रजेची विचारपूस करत, त्या काळात एका नदीकाठी एक नगर होतं. नगर मोठं नव्हतं, पण तिथली भांडी, तिथली लुगडी, तिथल्या दारांच्या चौकटी दूरदूरच्या मुलखात ओळखल्या जात. परगावचा माणूस वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करी आणि म्हणे, "हे त्या नदीकाठचंच काम."

त्याला कारण होतं. तिथल्या राजाच्या आजोबांच्या वेळी नदीला मोठा पूर आला आणि काठावरची जुनी देवळं ढासळली. आजोबांनी त्यातल्या मूर्ती, खांब, कोरीव शिळा बैलगाड्यांतून वर आणल्या आणि नगराच्या मधोमध एक मोठा मंडप बांधून त्यात मांडल्या. मंडपाला भिंती नव्हत्या. लोक त्याला शिल्पशाळा म्हणत. पाण्याला जाणाऱ्या बायका घागर टेकवून घटकाभर तिथे बसत. तांबट येत, सुतार येत, सोनार येत. कुणी हत्तीच्या सोंडेचा बाक बघून दिव्याची दांडी घडवी, कुणी खांबावरची वेल बघून अंगणात रांगोळी काढी. कुणाला कुणाची परवानगी लागत नसे.

त्या नगरात रेवण नावाचा एक विणकर होता. हात सफाईदार, पण डोकं कोरं. बापाने शिकवलेले दोन काठ तो आलटून पालटून विणी, आणि बाजार उठायची वेळ झाली तरी त्याची लुगडी तशीच पडून असत. एके दिवशी वैतागून तो शिल्पशाळेत जाऊन बसला. समोर एका स्त्रीची मूर्ती होती. नुकतीच न्हालेली, ओले केस पिळत उभी असलेली. रेवणने ती शंभरदा पाहिली होती.

शेजारी एक कुंभारीण पाय पसरून बसली होती. चिमा तिचं नाव. रेवणहून दहा-बारा वर्षांनी मोठी आणि बोलायला फटकळ. सगळी आळी तिला चिमाअक्का म्हणे.

"बाईकडे काय बघतोस, रेवणा? खाली बघ," ती म्हणाली. "तो हंस दिसला का? केसांतनं गळणारं पाणी त्याला मोती वाटतंय. मेला कधीचा चोच वासून बसलाय!"

रेवणने खाली पाहिलं. खरंच, मूर्तीच्या पायाशी हंस होता. केसांच्या टोकापासून त्याच्या चोचीपर्यंत थेंबांची एक ओळ उतरली होती. रेवण ताडकन उठला, घरी गेला आणि मागावर बसला. महिन्याभराने त्याने जे लुगडं मागावरून उतरवलं, त्याच्या निळ्या पदरावर पांढऱ्या थेंबांच्या सरी होत्या आणि काठावर हंस माना उंचावून बसले होते.

ते लुगडं राणी नेसली आणि रेवण राजविणकर झाला.

मग तो रोज शिल्पशाळेत जाऊ लागला. तिथे बोलणी चालत. सुतार म्हणे, "या नाचणारीचा सगळा भार डाव्या टाचेवर आहे." सोनार म्हणे, "छे, हिचा जीव कमरपट्ट्यात आहे." एखादी म्हातारी दोघांनाही वेड्यात काढी आणि म्हणे, "अरे, ती दमलीय. तिचे डोळे बघा." वाद होत, हसणं होई, आणि घरी जाताना रेवणच्या डोक्यात एखादा नवा काठ तयार असे. कुणी विचारलं, "हे कुठून आणलंस?" तर तो म्हणे, "सुचलं मला." असं म्हणता म्हणता त्याला ते खरंच वाटू लागलं.

एका वर्षी जत्रा भरली. रेवण आपली लुगडी मांडून बसला होता. समोर चिमाअक्काचे रांजण होते, आणि त्यांच्या गळ्याभोवती थेंबांची ओळ होती. पलीकडे शिदोबा नावाचा दुसरा एक विणकर होता. शिल्पशाळेत एक माकड एका बाईचा पदर ओढतं अशी मूर्ती होती. शिदोबाने ते माकड पदरावर उतरवलं होतं. परमुलखातून आलेला एक मोठा पाहुणा रेवणसमोरून पुढे गेला आणि शिदोबापाशी थांबला.

"अरे वा! हे माकड तर आत्ता उडी मारेल!" तो म्हणाला आणि खो खो हसला.

रेवणच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "माझं चोरतात सगळे."

"अहो, तुमचं काय आहे त्यात?" बायको म्हणाली. "मूर्ती घडवणारा केव्हाच मातीला मिळाला. तो येत नाही मागायला, आणि तुम्ही कसले हक्क सांगता?"

पण रेवणच्या मनातलं विष उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी तो राजापुढे हात जोडून उभा राहिला.

"महाराज, वाडवडिलांचा ठेवा झिजतोय. कुंभार मातीचे हात लावतात, बायका हळदकुंकू माखतात, पोरं हत्तीवर चढतात. असंच चाललं तर तुमच्या नातवंडांना बघायला नुसते धोंडे उरतील."

यात खोटं काही नव्हतं. हत्तीची पाठ खरंच गुळगुळीत झाली होती. राजा भला होता, आणि भल्या माणसाला खोट्यापेक्षा अर्ध्या खऱ्याने फसवणं सोपं असतं.

"मग काय करावं?" राजाने विचारलं.

"भिंती घालाव्यात, महाराज. भक्कम दार बसवावं. किल्ली एखाद्या जाणत्या माणसाकडे असावी."

"तुझ्याहून जाणता कोण आहे?" राजा म्हणाला. "किल्ली तूच ठेव. मात्र ज्याला खरंच पाहायचं असेल, त्याला दार उघडून देत जा."

रेवणने मान डोलावली. पावसाळ्याआधी भिंती उभ्या राहिल्या. दाराला कुलूप लागलं.

काही दिवसांनी चिमाअक्का त्याच्या दारात आली. हातांना ओली माती तशीच होती.

"रेवणा, सुरईची मान जमत नाही बघ. तीन मोडल्या. त्या केस पिळणारीची मान कशी वळलीय, तेवढं बघू दे. अर्धी घटका पुरे."

"अक्का, मूर्ती नाजूक आहेत. राजाज्ञा आहे."

"राजा तर म्हणाला, पाहायचंय त्याला उघडून दे. साऱ्या गावाला ठाऊक आहे."

"पाहायचंय कुणाला आणि हात लावायचाय कुणाला, ते मी ठरवणार."

चिमाअक्काने हातांची माती पदराला पुसली. मग म्हणाली, "दगड झिजत नव्हता, रेवणा. तुझं पोट दुखत होतं."

ती गेली ती पुन्हा आली नाही. सुतार एकदा येऊन गेला, सोनार दोनदा. मग त्यांनीही नाद सोडला.

आता रेवण रोज एकटा आत जाई आणि दार आतून लावून घेई. पहिले काही महिने त्याला स्वर्ग दोन बोटं उरला. सगळं त्याचं होतं. कुणी मध्ये बोलत नव्हतं, कुणी आड येत नव्हतं. पण हळूहळू एक विचित्र गोष्ट घडू लागली. तो मूर्तीसमोर बसे आणि त्याला तेवढंच दिसे, जेवढं त्याला आधीपासून ठाऊक होतं. केस पिळणारी केस पिळत होती. नाचणारी नाचत होती. तो दुपारपर्यंत डोळे ताणून बघे, आणि शेवटी घरी जाऊन पुन्हा तेच थेंब विणी. निळ्यावर पांढरे. मग लालवर पांढरे. मग हिरव्यावर.

बाहेर नगरही बदलत होतं. एके सकाळी शिदोबाने माग सोडवून बैलगाडीत घातला आणि तो खालच्या मुलखात निघून गेला. तांबटांचे दिवे सरळ दांडीचे झाले. अंगणातली रांगोळी चार ठिपक्यांवर आली. चिमाअक्काचे रांजण साधे, गोल, बिनगळ्याचे निघू लागले. कुणी म्हटलं, "अक्का, पूर्वीसारखं काही करत नाहीस," तर ती म्हणे, "पाणी धरतंय ना? मग झालं."

अशी वीस वर्षं गेली.

राजाच्या मुलीचं लग्न ठरलं. रेवणने चाळीस लुगडी विणून दिली. सासरच्या थोरल्या बाईने पेटी उघडली, एक एक घडी उलगडून पाहिली आणि नम्रपणे म्हणाली, "सुरेख आहेत. पण हीच नक्षी माझ्या सासूबाईंच्या लुगड्यावर होती. तुमच्या नगरात हल्ली नवं काही होत नाही का?"

राजाची मान खाली गेली. त्याने गावातल्या कारागिरांकडून वस्तू मागवल्या. आले ते साधे रांजण, सरळ दांडीचे दिवे, कोऱ्या चौकटी. मग त्याने रेवणला बोलावलं.

"वीस वर्षांत दार किती जणांसाठी उघडलंस?"

रेवणने कमरेची किल्ली चाचपली.

"कुणी आलंच नाही का?"

"आले होते, महाराज."

"मग?"

रेवणने किल्ली काढून राजाच्या पायाशी ठेवली.

"तुला शिक्षा तरी काय देऊ?" राजा म्हणाला. "तूही रिकामाच झालास. आणि चूक माझीही आहे. किल्ली देऊन मी घरी जाऊन झोपलो. एकदाही विचारलं नाही."

त्याच आठवड्यात दार काढलं गेलं, भिंती पाडल्या गेल्या. पहिल्या दिवशी गर्दी झाली. लोकांनी एक फेरी मारली, पायऱ्यांवर बसून चुरमुरे खाल्ले आणि ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी दहा जण आले. तिसऱ्या दिवशी कुणीच नाही.

रेवण धावत चिमाअक्काकडे गेला. ती ओट्यावर बसली होती.

"अक्का, शिल्पशाळा मोकळी झाली. चल. काय दिसतं ते सांग मला."

"आता कुठलं दिसायला?" ती म्हणाली. "भट्टीच्या धुराने डोळे गेले. दोन वर्षं झाली. तुला कुणी सांगितलं नाही?"

रेवण खाली बसला. म्हणाला, "मग तुझ्या मुलीला तरी पाठव."

मुलगी चाकावर होती. बापाच्या वयाच्या माणसाला नाही कसं म्हणायचं म्हणून ती हात धुऊन त्याच्याबरोबर गेली. रेवणने तिला एकेक मूर्ती दाखवली. तिने सगळ्या पाहिल्या, पदराने कपाळ पुसलं आणि खऱ्या कुतूहलाने विचारलं, "काका, मूर्ती चांगल्या आहेत. पण हे बघून मी करायचं काय?"

रेवणने तोंड उघडलं. तो एका मूर्तीकडून दुसरीकडे बघत राहिला आणि त्याला कुठेच सुरुवात सापडेना. ती पोर होती तेव्हा आईच्या कडेवर बसून तिने हे सगळं न शिकवता शिकून घेतलं असतं. नेमक्या त्याच वर्षांत दाराला कुलूप होतं.

"जाते मी," मुलगी म्हणाली. "भट्टी निवेल."

पुढे राजवाड्यातली वस्त्रं खालच्या मुलखातून, शिदोबाच्या नातवंडांच्या मागावरून येऊ लागली. रेवण मरेपर्यंत विणत राहिला, कारण त्याला दुसरं काही येत नव्हतं. शेवटी शेवटी त्याची लुगडी बाजारात कांद्याचे ढीग झाकायला जात. शिल्पशाळा चारी बाजूंनी उघडी होती, आणि दुपारच्या उन्हात तिच्या सावलीला फक्त शेळ्या बसत.

लहानांनो आणि थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: सौंदर्य दहा जणांनी पाहिल्याने सरत नाही; जो ते एकट्यासाठी कोंडतो, तो आधी गावाची नजर मारतो आणि मग स्वतःची.