शिकंज्याची पकड

लाकडं बोलायची आणि सुतार ती ऐकून घ्यायचे, त्या काळातली ही गोष्ट. धाकू मेस्त्रीने लेकीच्या नव्या घरासाठी भाजी चिरायची देखणी फळी करायला घेतली. एक पट्टी काळ्या शिसवीची, एक पिवळ्या फणसाची, अशा पट्ट्या त्याने सरस लावून एकमेकींना चिकटवल्या, लोखंडी शिकंज्यात बेताने आवळल्या आणि तो जेवायला गेला.

शिकंज्याचा मात्र पट्ट्यांवर काडीचा भरवसा नव्हता. "काळं नि पिवळं आपणहून कधी नांदलंय का?" असं पुटपुटत त्याने स्वतःचा पेच आणखी एक फेरा आवळला. मग आणखी एक.

"शिकंजेदादा, जरा सैल सोडा," शिसवीची पट्टी कळवळली. "आमच्यामधला सरस सगळा बाहेर चाललाय."

"जाऊ दे. मी धरलंय ना!"

सरस थेंबाथेंबाने बाकावर गळाला आणि तिथेच वाळला.

दुसऱ्या दिवशी शिकंजा निघाला. फळी अशी सुरेख दिसली की लेक हरखून ती घरी घेऊन गेली. तिने फळीवर लाल भोपळा ठेवला, रीतीप्रमाणे जावयाने पहिला घाव घातला आणि पट्ट्या सुट्या होऊन ओट्यावर पसरल्या. भोपळा शाबूत राहिला.

पट्ट्यांचं गाठोडं मेस्त्रीकडे परत आलं. खुंटीवरच्या शिकंज्याने ते पाहिलं.

"बघितलंत? मी सोडलं, म्हणूनच हे असं झालं."

 मेस्त्री पटाशीने बाकावरचे सरसाचे वाळलेले थेंब खरवडत होता.