करवंदाची जाळी आणि अधांतरी राजकन्या

एका राज्यात धवलसेन नावाचा राजा होता. रणात तो मागे हटला नव्हता, पण चारचौघांत आपलं हसं होईल या धाकाने त्याला घाम फुटे.

त्याच्या बागेच्या कडेला करवंदाची जाळी होती. लहानपणी त्याने गिरजा माळिणीचं बोट धरून त्या जाळीच्या बिया पेरल्या होत्या. भर दुष्काळातही ती हिरवी राही आणि कुणाकडे घोटभर पाणी मागत नसे.

एकदा परराज्याचा दूत बाग पाहायला आला. त्याचा रेशमी शेला जाळीच्या काट्यांत अडकून फाटला. तो हसून म्हणाला, "महाराज, राजबागेत हे रानझुडूप कोणी लावलं?"

गिरजा खुरपं घेऊन समोरच उभी होती. राजा म्हणाला, "ठाऊक नाही. उद्या उपटून टाकू."

दुसऱ्या दिवशी जाळी उपटली गेली. गिरजा डोंगरपायथ्याच्या झोपडीत राहायला गेली.

जाळीत एक बुलबुल राहत होती. तिची अंडी फुटली. ती राजाच्या खांद्यावर बसून म्हणाली, "राजा, तुझी लेकही अशीच जमिनीपासून सुटेल. तुझ्या हातचं करवंद याच जागी फळेल, तेव्हाच ती खाली येईल. संधी तीन."

त्याच क्षणी राजकन्या मृगांकेचे पाय जमिनीवरून वीतभर उचलले गेले. तिच्या कमरेला दोर बांधून तो दरबाराच्या खांबाला अडकवला. दर वर्षी ती हातभर वर जाई. जेवण तिला शिडीवरून देत.

गिरजाला विचारावं, हे राजाला पहिल्याच दिवशी सुचलं होतं. पण विचारायचं कोणत्या तोंडाने? त्याने आपल्याच अकलेने बी पेरलं आणि रोज पखालभर पाणी घातलं. विहिरी आटल्या होत्या, वेशीवर बाया रिकाम्या घागरी घेऊन ताटकळत होत्या, आणि इथे करवंदाची मुळं पाण्याने कुजली. राजाला त्या बायांकडे पाहवेना.

दुसऱ्या खेपेला त्याने काळी माती आणवली, शेणखत भरलं, ऊन लागू नये म्हणून मांडव घातला. झुडूप लांबलचक, पिवळट वाढलं. तीन वर्षं गेली, एक फूल आलं नाही. दोर झिजून सुतळीएवढा उरला होता.

तेव्हा राजा एकटा, पायी, झोपडीच्या दाराशी गेला आणि खाली मान घालून उभा राहिला.

"त्या दिवशी मी समोरच होते, महाराज," गिरजा म्हणाली.

"होतीस. मी पाहिलं होतं."

"मग?"

"मला लाज वाटली. तुझी आणि जाळीची. आता माझी वाटते."

गिरजा आत जाऊन डोंगरातल्या करवंदांची टोपली घेऊन आली. मग तिने ताज्या फळातलं बी काढून दिलं. "मुरमात लावा. मांडव नको, ऊन लागू द्या. पहिलं वर्ष आठवड्याला ओंजळभर पाणी. पुढे काहीच करू नका. ते तुम्हाला जड जाईल."

जड गेलंच. हात बांधून बसणं राजाला कधी जमलं नव्हतं. पण तो बसला. तिसऱ्या वैशाखात करवंदं काळीभोर पिकली आणि मृगांका हळूहळू खाली येऊ लागली. जमीन चार बोटं उरली आणि ती थांबली.

बुलबुल म्हणाली, "हे कोणी लावलं, राजा?"

राजाने गिरजाला पालखी पाठवून बोलावलं आणि भर दरबारात उभा राहिला. कान तापले होते, तरी तो म्हणाला, "जाळी गिरजाबाईंची होती. ठाऊक असून मी नाही म्हणालो. आज उभी आहे तीही त्यांच्याच शिकवणीने."

मृगांकेचे पाय फरशीला टेकले. राजाने दोन्ही हात पुढे केले. ती त्याच्याकडे न पाहता बाजूने निघून गेली आणि गिरजाच्या पायांशी वाकली.

पुढे राज्यात सगळं सुरळीत झालं, विहिरी भरल्या, बागेचा कारभार गिरजाकडे आला. राजाचे पुढे केलेले हात मात्र त्या दिवशी दरबाराने बराच वेळ तसेच पाहिले.