कोंबडी आणि सोयाबीनचं कुटार

टाक्या आणि शेगड्याही बोलत, त्या काळची गोष्ट. एका कोंबडीची आधीची पिल्लं थंडीने दगावली होती. यंदाची तिला जगवायची होती, पण त्यांच्याजवळची गॅसची शेगडी विझत चालली होती.

“नुसत्या तुमच्या विष्ठेने माझं पोट बिघडलंय,” शेगडीला पुरवणारी बायोगॅसची टाकी कण्हली. “जोडीला कुटार हवं.”

मळणीनंतर उरलेलं सोयाबीनचं कुटार बांधावर जळायची वाट पाहत होतं. “त्या घाणीत कुजू? त्यापेक्षा एकदाच भडकेन, सारं गाव बघेल!”

“बघेल, बाबा. पण ऊब कुणाला?” म्हणत कोंबडी चोचीने एकेक काडी टाकीकडे ओढू लागली. दिवस मावळला तरी थांबेना.

कुटार वरमलं. “पुरे गं बाई! वाऱ्या, लोट मला टाकीत.”

गॅस व्हायला दिवस लागले. तोवर कोंबडीने पिल्लं पंखाखाली धरली. मग शेगडी निळी पेटली, पिल्लं तिच्याभोवती झोपली. कोंबडी मात्र पुन्हा बांधाकडे निघाली. टाकीला उद्याही भूक लागणार होती.