विस्मरा नदीचा शाप

एका राज्यात वैद्य उरला नव्हता. ताप आला की माणसे अंगणात बाज टाकून पडत. वाचली तर वाचली. वैद्यविद्या शिकायची तर विस्मरा नदी ओलांडून सात महिन्यांच्या वाटेवरील हिमदेशी जावे लागे, आणि नदीला शाप होता. मध्यधारेला पोचताच शिकायला जाणाऱ्याला आपले गाव, आपली माणसे, सगळ्यांचा विसर पडे. तीस वर्षांत गेलेला एकही परतला नव्हता.

त्या राज्यातल्या विणकरणीची लेक कुंदलता. हिमदेशाच्या गुरुकुलाचे बोलावणे आले, तेव्हा आनंदाने तिला दोन दिवस अन्न गेले नाही. शाप न बाधणाऱ्या नावाड्यांना विचारून तिने त्या देशाचे चाळीस शब्द पाठ केले. बर्फावर चालतात कसे, तिथले गुरू रागावतात का, परक्या घरात पाणी कसे मागावे, हेच तिच्या मनात घोळे. आई तिच्यासाठी घोंगडी विणत होती; लेक आपल्याला विसरणार हे तिला ठाऊक होते.

नाव सुटायला नऊ दिवस उरले, तेव्हा छपरावर धनेश पक्षी येऊन बसला. म्हणाला, "मुली, शाप कड्यावरच्या कालकेतू मांत्रिकाचा आहे. त्याची तीन कामे कर, तो शाप मागे घेईल."

कुंदलता कडा चढली. मांत्रिक म्हणाला, "विझल्या ज्वालामुखीतून जिवंत निखारा आण." तिने आणला, तीन दिवस लागले, तळहात पोळले.

"आता वाऱ्याला बांधून आण." तिने मागावरच्या सुताने वारा बांधून आणला, आणखी तीन दिवस गेले.

"आता पलीकडून माझ्या मुलाला आण. तीस वर्षांपूर्वी तो शिकायला निघाला. मी नको म्हणालो, त्याने ऐकले नाही."

"निघताना त्याला काय म्हणालात?"

मांत्रिकाने खाली नदीकडे पाहिले. "जा, म्हणालो. निघणाऱ्याला कुणी असे म्हणत नाही. तोच शब्द शाप होऊन नदीत उतरला."

"आजोबा, मी नदीत उतरले की कुणाला आणायचे तेच विसरेन. हे काम तुमचे आहे. घाटावर चला आणि शब्द बदला."

मांत्रिकाने दंड उगारला. कड्यावरचे दगड हवेत उठले. कुंदलता जागची हलली नाही.

"मला मारून तो येणार नाही," ती म्हणाली.

दगड हळूहळू खाली बसले.

नवव्या दिवशी सकाळी म्हातारा घाटावर आला. पाण्याला हात लावून म्हणाला, "ये, बाळा." तीस वर्षे मुकी वाहणारी नदी खळाळू लागली.

नाव सुटताना आईने घोंगडी लेकीच्या खांद्यावर टाकली. "नीट शिक. अंगावर ताप काढू नकोस."

मध्यधारेला कुंदलतेने डोळे मिटून घेतले. उघडले, तर आईचा चेहरा आठवत होता, मागाचा ठोका आठवत होता, गल्लीतल्या प्रत्येकाचे नाव आठवत होते. आधी गेलेल्यांना नदीने रडूही दिले नव्हते. ती पोटभर रडली.

समोरून एक नाव येत होती. तीत पिकल्या केसांचा एक वैद्य औषधांची पेटी घेऊन उभा होता.

"शिकून आलो, ते पलीकडच्या काठाशीच थांबलो," तो म्हणाला. "पुढे कुठे जायचे ते आठवत नव्हते. आज सकाळी आठवले. घाटावर कुणी म्हातारे आहेत का?"

"आहेत. वाट पाहताहेत."

नावा एकमेकींना ओलांडून गेल्या. त्या संध्याकाळी राज्यात तीस वर्षांनी कुणी रोग्याची नाडी पाहिली, आणि कुंदलता हिमदेशाच्या वाटेला लागली.